फनी म्हणजे काय

अंबाजोगाईच्या स्टँडवर मुंबईची दुपारची गाडी लागली, तशी माझ्याआधी अण्णाच आत चढले. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण गाडी दिसली की त्यांचा पाय आपोआप पायरीवर जायचा. मागच्या चाकावर येणार नाही अशी खिडकीची सीट त्यांनी धरली, काच दोनदा सरकवून पाहिली आणि गाडीच्या कंडक्टरला बोलावून माझी ओळख करून दिली. "ही आमची अर्चना. इंग्लंडला चालली." कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि मशीनमधून मुंबईचं तिकीट काढून हातात दिलं.

माय खाली उभी होती. आमच्या गावाहून, घाटनांदूरहून, ती मला पोचवायला आली होती. खिडकीच्या गजांमधून तिनं शेंगदाण्याच्या चटणीची पुडी आत सरकवली आणि बोटं तशीच गजावर ठेवली. गाडी सुरू झाली तेव्हा अण्णा खाली उतरून तिच्या शेजारी आले होते. इंजिनाच्या घरघरीत ते मला म्हणाले, "अर्चना, कळलं न्हाई तर इचारायचं. मी बत्तीस वर्षं परत्येकाला दोनदा इचारलं, कुठं उतरायचं म्हनून. त्यात लाजन्यासारकं कायबी न्हाई."

मी हो म्हणाले. तो होकार मी पाळला नाही, आणि त्याबद्दलच हे लिहितेय. अण्णा वाचतील, मायला वाचून दाखवतील. आपल्या भागातून बाहेर पडलेली, कुठल्यातरी परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहणारी आणि दिवसभर न कळलेल्या गोष्टींना मान डोलावणारी आणखी कुणी असेल, तर तिनंही वाचावं.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. अंबाजोगाईला नर्सिंग केलं, बीडला एका खासगी दवाखान्यात तीन वर्षं काढली, मधे लग्न झालं आणि दीड वर्षात मोडलं. लग्न मोडलेल्या पोरीशी गावातली माणसं फार हळू आवाजात बोलतात. त्या हळू आवाजाला कंटाळून मी आधी पुण्याला गेले. तिथल्या हॉस्पिटलात एकदा मी एका सिस्टरला "कावून?" असं विचारलं. म्हणजे का. ती हसली, दुसरीला सांगितलं, दुसरी हसली. पुढची दोन वर्षं त्या वॉर्डात माझं नावच 'कावून' पडलं होतं. मीही हसायचे. आपल्यावर हसलं जात असताना आपणही हसलो की वेळ निघून जाते, हे मी पुण्यात शिकले, आणि तीच सवय घेऊन इंग्लंडला गेले.

इंग्रजीची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. हवामानबदलावर निबंध लिहिला होता. पण उत्तरेकडच्या यॉर्कशरमधल्या ज्या छोट्या गावात मला केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, काम मिळालं, तिथं हवामानबदलावर कुणी बोलत नव्हतं. तिथं सकाळी दारातून आत शिरलं की जो भेटेल तो म्हणायचा, "यू ऑल राइट?" पहिला आठवडाभर मला वाटलं, मी आजारी दिसतेय. मी प्रत्येकाला सांगत बसायचे की नाही, बरी आहे, फक्त थंडीनं नाक गळतंय. मग लक्षात आलं की उत्तर ऐकायला कुणी थांबतच नाही. तो प्रश्न नव्हताच. तो आपला रामराम होता.

माझी खोली एका केस कापायच्या दुकानावर होती. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडायचा. कामावरून आले की मी दिवा लावायचे, भात टाकायचे आणि कुकरच्या शिट्टीशिवाय खोलीत दुसरा आवाज नसायचा. घाटनांदूरला आमच्या दारात सकाळपासून माणूस असतं. कुणी पीठ मागायला, कुणी बसची वेळ विचारायला, कुणी नुसतंच. त्याचा तेव्हा वैताग यायचा. इथं माझ्या दारावर चार महिन्यांत एकदाच थाप पडली, तीही पार्सल चुकून आलं म्हणून.

केअर होममध्ये ट्रेसी नावाची सीनियर होती. तिथलीच, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, मनानं चांगली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर एक व्हिडिओ लावला. चौघीजणी डोक्याला डोकं लावून बघत होत्या. मलाही बोलावलं. एक माणूस स्वयंपाकघरात डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा होता आणि भराभरा काहीतरी बोलत होता. चौघी हसल्या. मी पण हसले, एक सेकंद उशिरा. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मला तो सेकंद दिवसभर टोचत राहिला.

खोलीवर जाऊन मी तो व्हिडिओ शोधला. तो माणूस आपल्या घरातच व्हिडिओ करायचा. टॉवेल बांधला की तो स्वतःची सासू व्हायचा, टोपी घातली की पोस्टमन, आणि काहीच नसलं की बिचारा जावई. दीड-दोन मिनिटांची भांडणं. मी खाली अक्षरं लावून, थांबवून थांबवून बघितलं. एक वही केली. 'ब्रू' म्हणजे चहा. 'नाऊट' म्हणजे काही नाही. 'चफ्ड' म्हणजे लई खूश. 'मार्डी' म्हणजे तोंड फुगवून बसलेला. सासू सारखी ओरडायची, "पुट वुड इन टोल." 'टोल' म्हणजे 'द होल', म्हणून शब्दशः अर्थ निघत होता, भोकात लाकूड घाल. तीन दिवस मला काही केल्या कळेना. मग एका व्हिडिओत जावयानं ते ऐकून दार लावलं. दार लाव, एवढंच ती म्हणत होती. मी खोलीत एकटीच मोठ्यानं हसले आणि हसणं संपल्यावर खोली आधीपेक्षा जास्त गप्प झाली.

एका व्हिडिओत मात्र मला हसू आलं नाही. लंडनकडची एक बाई दुकानात येते आणि जावयाचं बोलणं तिला कळत नाही. तो पुन्हा सांगतो, ती ओठ दाबून हसते. तो पुन्हा सांगतो, ती मैत्रिणीकडं बघते. मी तो व्हिडिओ बंद केला. म्हणजे ही माणसंही आपल्यातलीच होती. यांनाही त्यांच्या पुण्यात कुणीतरी 'कावून' म्हणत होतं. त्या दिवसापासून ते गाव मला थोडं कमी परकं वाटायला लागलं.

आणि त्याच सुमारास मला डोरीन भेटली. भेटली म्हणजे ती आमच्याकडं राहायला होतीच, पहिल्या मजल्यावर, खिडकीच्या खोलीत. चौऱ्याऐंशी वर्षांची. तरुणपणी लोकरीच्या गिरणीत मागावर होती. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय लागलेली, म्हणून शेजारच्या माणसाशीही ती रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. माझं नाव तिला जमायचं नाही. तिनं मला 'आर्ची' केलं. मी तिला रोज सकाळी वहीतला एक शब्द म्हणून दाखवायचे. ती हसायची, कवळी सावरायची आणि तो शब्द खरा कसा म्हणतात ते शिकवायची. मग विचारायची की हे तुला शिकवतं कोण. मी म्हणायचे, टॉवेलवाली सासू.

तिला माझ्या गावाबद्दल ऐकायला आवडायचं. तिथं काय आहे, असं तिनं एकदा विचारलं. मी अण्णांच्या गाडीबद्दल सांगितलं. चाळीस सीटच्या गाडीत ऐंशी माणसं, दोन बकऱ्या आणि त्यांच्यामधून वाट काढत तिकीट देणारे अण्णा. बकरीला तिकीट लागतं का, असं तिनं विचारलं. लागतं म्हणाले तर तिला ते फार आवडलं. पुढं आठवडाभर ती येईल त्याला सांगत होती.

आता ती सकाळ सांगते.

मार्चमधला रविवार होता. दोघीजणी सुट्टीवर, त्यामुळं वरचा अख्खा मजला माझ्या एकटीकडं. मी डोरीनच्या खोलीत नाश्त्याचा ट्रे घेऊन गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. रोजच्यापेक्षा हळू आवाजात म्हणाली, "आय हॅड अ फनी टर्न दिस मॉर्निंग, लव्ह."

फनी मला माहीत होतं. बीडला शाळेतली पोरंही फनी व्हिडिओ म्हणतात. मला वाटलं, सकाळी काहीतरी गंमत झाली. टर्न काय ते कळलं नाही, पण विचारायला थांबले असते तर गंमत निघून गेली असती, आणि शेजारच्या दोन खोल्यांतल्या घंट्या वाजत होत्या. मी हसले. "व्हेरी गुड, डोरीन," म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. मग तीही थोडी हसली आणि म्हणाली, "नेव्हर माइंड." असू दे. मी पडदे सरकवले आणि पुढच्या खोलीत गेले. रोजच्या नोंदीत लिहिलं, हसतमुख, नाश्ता पूर्ण.

दुपारी अडीचला मी तिच्या खोलीत गेले तर ती खुर्चीत एका बाजूला कलली होती. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, उजवा हात मांडीवरून निसटून लोंबत होता. ते मात्र मला कळलं. त्याला भाषा लागत नाही. मी घंटा दाबली, अँब्युलन्स बोलावली, वेळ लिहून ठेवली, तिला कुशीवर घेतलं. अँब्युलन्सवाल्यानं विचारलं, सकाळपासून काही लक्षण होतं का, भोवळ, अंधारी, बोलण्यात अडखळणं. ट्रेसीनं नोंदी उघडल्या आणि वाचून दाखवलं, हसतमुख, नाश्ता पूर्ण. संध्याकाळी मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली, की अर्चनानं वेळ दवडला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी कपडे वाळत घालताना मी फोन टेबलावर टेकवून नवा व्हिडिओ लावला. जावई सासूला भांडी घासायला सांगतो. सासू कपाळाला हात लावते, डोळे फिरवते आणि म्हणते, तिला तिची फनी टर्न आलीय. मग सोफ्यावर आडवी होते. खाली शेकडो लोकांनी हसरी तोंडं टाकली होती.

माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो खाली ठेवला आणि शब्दकोश उघडला. फनी टर्न म्हणजे भोवळ. अचानक अंग गेल्यासारखं होणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं. ती मला सांगत होती. सकाळी साडेआठला तिनं मला, नर्सिंग शिकलेल्या बाईला, सरळ सांगितलं होतं. आणि मी हसून व्हेरी गुड म्हणाले होते.

कुणालाही माहीत नव्हतं. सांगू शकणारी एकच बाई होती आणि तिची वाचा गेली होती. माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. नोकरी गेली तर परत, त्या हळू आवाजांमध्ये. मी तो दिवस आणि रात्र खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला जायच्या आधी घरी फोन लावला. तिकडं दुपार होती. मागं निंबावर कावळे ओरडत होते. मी अण्णांना सगळं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "तू सांगितलं का तिथं?"

मी म्हणाले, "न्हाई. कुनाला ठाव न्हाई अण्णा."

मग ते म्हणाले, "कुनाला ठाव न्हाई म्हनून झालं न्हाई, असं असतंय का, बाई?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. पलीकडून माय विचारत होती, काय झालं, रडती कावून ती. अण्णांनी तिला काही सांगितलं नाही.

त्याच सकाळी मी मॅनेजरबाईंना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग मला सगळं लिहून द्यायला लावलं, शब्द जसे होते तसे. 'व्हेरी गुड' लिहिताना माझं अक्षर वाकडं आलं. चौकशी झाली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कळवलं की सकाळीच आणलं असतं तर कदाचित बरंच वाचवता आलं असतं, कदाचित नाही. तो 'कदाचित' आजही माझ्याजवळ आहे. नोकरी गेली नाही. सहा आठवडे मला एकटीनं कुणाच्या खोलीत जायचं नाही, असं ठरलं. एवढं कमी का, असं मला वाटलं. मी खरं सांगितलं म्हणून कमी, असं त्या म्हणाल्या.

डोरीनची मुलगी कॅरल. साठीला आलेली, सरळ पाठीची बाई. तिला होमनं रीतसर कळवलं होतं. ती एक दिवस आईचे कपडे न्यायला आली तेव्हा जिन्यात आमची गाठ पडली. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं आधी विचारलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. तिनं तुला सांगितलं, आणि तू हसलीस?

मी म्हणाले, हो.

ती पिशवी घेऊन खाली उतरून गेली.

जेवणाच्या सुट्टीत आता व्हिडिओ लागले की ट्रेसी मला बोलवायची नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. मी समोर असताना 'फनी' हा शब्दच त्यांना अवघड झाला होता. मी डबा घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसायचे. इंग्लंडमधल्या माझ्या सगळ्या दिवसांत ते सहा आठवडे सगळ्यात लांब होते. घरी फोन केला की माय विचारायची, जेवलीस का, आणि मी हो म्हणायचे. दोघींनाही दुसरं काही विचारायचं असायचं.

त्या दिवसांत मी एकच गोष्ट बदलली. विचारायला लागले. प्रत्येक शब्द. सॉरी, म्हणजे काय? पुन्हा सांगा. कुणी कंटाळायचे, कुणी डोळे फिरवायचे. एका आजोबांनी मला सांगितलं की ते 'लास्ट लेग्ज'वर आहेत, तेव्हा मी त्यांचे पाय बघितले नाहीत. खुर्ची ओढून विचारलं, म्हणजे नक्की काय होतंय. आता आपलं थोडंच उरलंय, असं त्यांना म्हणायचं होतं, आणि ते अर्धा तास बोलले.

मे महिन्यात डोरीन परत आली. उजवी बाजू गेली होती आणि भाषाही गेली होती. एकच शब्द उरला होता. 'ट्यूज्डे'. मंगळवार. पाणी हवं असलं तरी ट्यूज्डे, खिडकी उघडायची असली तरी ट्यूज्डे, राग आला तरी तेच. तिला स्वतःला कळायचं की चुकीचा शब्द येतोय. ती थांबायची, डोकं हलवायची, पुन्हा जोर लावायची, आणि पुन्हा तोच शब्द. मग ती डावा हात खुर्चीवर आपटायची. जिनं मला शब्द शिकवले, तिच्याकडं आता माझ्याहून कमी होते.

बोलणं शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा यायची. चित्रांची कार्डं दाखवायची, कप, चमचा, मांजर. डोरीन कार्डं ढकलून द्यायची. गिरणीत पुढं चाळीस बायकांवर मुकादम झालेल्या बाईला मांजर काय दाखवता.

माझे सहा आठवडे संपले होते. चहा पाजायचं काम माझ्याकडं आलं. मी तिच्यासमोर बसले. पहिल्यांदा ती माझ्याकडं बघेना. मग बघितलं. तिला ती सकाळ आठवत होती का, मला कधीच कळलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले की तू सांगितलंस ते मला कळलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. ती बघत राहिली. "ट्यूज्डे," म्हणाली. त्याचा अर्थ मी आजवर लावलेला नाही. लावायचा मला हक्क नाही.

पुढं काय करावं ते सुचेना म्हणून मी फोन काढला आणि टॉवेलवाली सासू लावली. का लावली, सांगता येणार नाही. दुसरं आमच्या दोघींमध्ये काहीच नव्हतं. सासू जावयाला झापत होती. डोरीनचा चेहरा आधी तसाच होता. मग डावी बाजू हलली. मग ती हसली. तो आवाज मात्र जुनाच होता, गिरणीतला, रस्त्यापलीकडं ऐकू जाणारा. दारातून ट्रेसी धावत आली, काही झालं की काय म्हणून.

त्यानंतर रोज चहानंतर पंधरा मिनिटं आम्ही व्हिडिओ बघायचो. दहाएक दिवस गेले असतील. सासूनं नेहमीसारखं "पुट वुड इन" म्हटलं आणि नेट अडकून व्हिडिओ तिथंच थांबला.

डोरीन म्हणाली, "टोल."

मी फोनकडं बघितलं. फोन गप्प होता. मी पुन्हा लावलं, मुद्दाम तिथंच थांबवलं. ती पुन्हा म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की आता माझी पाळी. बोलणं शिकवणाऱ्या बाईला मी सांगितलं तर ती म्हणाली, असं होतं. आयुष्यभर तोंडात बसलेले वाक्प्रचार मेंदूत वेगळीकडं राहतात, नावं जातात पण ते उरतात. हेच करत राहा, म्हणाली. मग मी वही काढली. माझ्या वहीत सासूचे शंभरेक वाक्प्रचार होते. मी अर्धा म्हणायचे, ती पुरा करायची. माझा उच्चार चुकला की ती डावा हात आपटून पुन्हा म्हणायला लावायची. ती मला बोलायला शिकवत होती की मी तिला, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

एका दुपारी कॅरल दारात येऊन उभी राहिली. तिची आई हसत होती. कॅरलनं विचारलं, कशाला हसतेय ती. मी उठायला लागले, तर तिनं हातानं बस म्हणून खुणावलं आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून आमच्यापासून जरा लांब बसली. माफी वगैरे काही बोललं गेलं नाही. पुढच्या वेळी तिनं खुर्ची थोडी जवळ घेतली.

डोरीन त्यानंतर नऊ महिने जगली. सगळं बोलणं कधीच परत आलं नाही. फेब्रुवारीत झोपेतच गेली. कॅरलनं होमवर फोन करून निरोप ठेवला, आर्चीला यायला सांगा.

दफनानंतर एका हॉलमध्ये चहा-सँडविच होतं. आपल्याकडं अशा वेळी मोठ्यानं बोलत नाहीत, तिथं मात्र माणसं डोरीनच्या गमती सांगत होती. गिरणीतल्या तिच्या एका म्हाताऱ्या मैत्रिणीनं गिरणीच्या मालकाची आणि पावाच्या पेटीची एक गोष्ट सांगितली, भराभर, दात नसलेल्या तोंडानं, आणि मी हसले. सगळ्यांबरोबर, त्याच सेकंदाला. हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी मनात मराठी केलंच नव्हतं. मी कप ठेवून बाहेर गेले आणि थंडीत भिंतीला टेकून रडले. ज्या एका बाईला हे सांगावंसं वाटत होतं, तिलाच तर आत्ता पोचवून आलो होतो.

त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा घरी आले. घाटनांदूरला गाडीतून उतरले तर स्टँडवरची माणसं नेहमीच्या आवाजात बोलली, हळू नाही. दोन वर्षांत गावाला बोलायला दुसरे विषय मिळाले होते. बदलले होते ते माझेच शब्द. दुकानात धक्का लागला की तोंडातून सॉरी निघायचं. कुणी हाय का बरी, म्हणालं की उत्तर न देताच पुढं जायचे, आणि मग लक्षात यायचं की हा माणूस खरंच विचारतोय, उत्तरासाठी थांबलाय.

तिथं रात्री खोलीवर मी घराची आठवण काढायचे, आणि घरी आले तर कानात यॉर्कशर. गिरणीतल्या त्या मैत्रिणीची गोष्ट मला सारखी आठवायची आणि हसू यायचं. तिथल्या गमतीवर इथं एकटीच हसत होते, जशी इथल्या गमतीवर तिथं हसायचे. घर म्हणजे काय, हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की ते आता अर्धं-अर्धं दोन ठिकाणी आहे, आणि कुठल्याही एका ठिकाणी बसलं की दुसरं दुखतं.

दुपारी माय ओसरीत शेंगा फोडत बसली होती. अण्णा बाजेवर पेपर वाचत होते. मला पुन्हा हसू आलं. मायनं विचारलं, "हसतीस कावून गं?"

काही न्हाई, असं म्हणणार होते. तोंडात आलंही होतं. पण मी तिच्यासमोर बसले, मूठभर शेंगा घेतल्या आणि ती गोष्ट मराठीत सांगायला लागले. लोकरीची गिरणी सांगितली, मागाचा आवाज सांगितला, मुकादम म्हणजे डोरीन, डोरीन म्हणजे कोण, तिची कवळी, तो मालक, ती पावाची पेटी. शेवटाला जी गंमत होती ती शब्दावर होती, आणि तो शब्द मराठीत येईना. गोष्ट संपली. अण्णांनी पेपर खाली घेतला होता. कुणी हसलं नाही.

माय शेंग हातात धरून माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, "मला न्हाई कळलं. परत सांग."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.